नव्या प्रियसबद्दल तेच तेच विचारले जाणारे प्रश्न, आणि गाडीवेड्यांची मतं

आधीच सांगतो, मी या गाडीचा भक्तही नाही आणि वैरीही नाही. तिसऱ्या पिढीची प्रियस मी बरीच वर्षं वापरलीय, पाचव्या पिढीची मित्राकडून मागून मागून एवढी चालवलीय की आता तो फोन उचलताना आधी विचार करतो. खाली जे आहे ते थोडं मोजलेलं, थोडं अनुभवलेलं आणि बाकी मंडळींच्या रोजच्या भांडणांतून गोळा झालेलं.

नक्की कुठल्या गाडीबद्दल चाललंय?

टोयोटा प्रियस, पाचवी पिढी. जपानमध्ये १६ नोव्हेंबर २०२२ ला पडदा उघडला, आणि २०२३ चं मॉडेल म्हणून बाकी ठिकाणी गेली. "हायब्रीड", म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, म्हटलं की पहिली आठवते तीच ही, फक्त ओळखू येत नाही.

प्रियसच ना ती, मग एवढा गवगवा कशाला?

कारण पंचवीस वर्षं गाडीवेड्यांनी ज्या गाडीवर विनोद केले तीच गाडी अचानक सगळ्यांना हवीशी वाटायला लागली, आणि हे पचवायला वेळ लागतोय. जरा मागे जाऊया. पहिली प्रियस डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये आली, साधी छोटी सेडान, चीफ इंजिनिअर ताकेशी उचियामादा. २००३ ला दुसरी पिढी आली आणि तो ओळखीचा उतरत्या पाठीचा आकार तिथून सुरू झाला. २००९ ला तिसरी, १.८ लिटरचं इंजिन. २०१५ च्या शेवटी चौथी, जिची चॅसी आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती पण थोबाड बघून लोकं दुसरीकडे बघायची. खरं सांगायचं तर चौथीवर जरा अन्यायच झाला, मागच्या चाकांना डबल विशबोन प्रकारचं चांगलं सस्पेन्शन देऊन तिने चालवण्यातला अर्धा सुधार आधीच करून ठेवला होता, कौतुक मात्र सगळं पाचवीला मिळालं.

आणि मिळालं ते भरभरून. जपान कार ऑफ द इयर २०२३-२४, नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर २०२४, वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर २०२४. डिझाइनचं बक्षीस, प्रियसला! दहा वर्षांपूर्वी असं कोणी बोललं असतं तर त्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवला असता.

तिला फक्त टॅक्सी करून टाकणार होते ही गोष्ट खरी आहे का?

हो, ही गोष्ट टोयोटाच्या डिझाइन प्रमुखांनी, सायमन हम्फ्रीज यांनी, अनावरणाच्या वेळी स्वतःच सांगितली होती. तेव्हाचे अध्यक्ष आकिओ तोयोदा यांचं म्हणणं होतं की हायब्रीड आता सगळ्या गाड्यांत आलंय, मग प्रियस सरळ टॅक्सीसारखी कामाची वस्तू करून टाकूया. डिझाइन आणि इंजिनिअरिंगची टीम अडून बसली की नाही, लोकांना आवडेल अशी गाडी करू. शेवटी टीमचं चाललं.

माझ्या मते या गाडीबद्दलचं सगळं भांडण या एका गोष्टीत आहे. म्हणजे बघा, २००३ ला प्रियसला दुरून ओळखू यावं लागायचं, "मी हायब्रीड आहे" हे आकारानेच ओरडून सांगावं लागायचं, कारण तसं दुसरं फारसं कोणी नव्हतं. आज कोरोलात हायब्रीड आहे, कॅमरीत आहे, रॅव्ह-फोरमध्ये आहे. ज्याला फक्त पेट्रोल वाचवायचंय आणि चार माणसं आरामात न्यायचीत त्याच्याकडे तिथे पर्याय आहेत, त्यामुळे प्रियसच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि ती पहिल्यांदा नुसती गाडी म्हणून नटू शकली. जुने मालक जे गमावलं म्हणून रडतात आणि नवे लोक जे मिळालं म्हणून नाचतात ते दोन्ही त्याच निर्णयातून आलंय.

फोटोत भारी दिसते, समोर पण तशीच दिसते का?

समोर जास्त चांगली दिसते. उंची १४३० मिमी, म्हणजे आधीपेक्षा ४० मिमी कमी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५० मिमीने वाढून २७५० झाला. आकडे वाचताना किरकोळ वाटतात पण गाडी बुटकी आणि चाकं दूर दूर गेली की बसणीच बदलते, त्यात समोरची काच एवढी आडवी की बॉनेट आणि काच एकाच रेघेत जातात. चाकं १९ इंची असतील तर मागून बघताना खरंच मान वळते.

न आवडणारेही आहेत. एक गट म्हणतो की पुढच्या दिव्यांचा तो हॅमरहेड चेहरा आता टोयोटाच्या निम्म्या गाड्यांवर आलाय, त्यामुळे दोन वर्षांतच जुना वाटायला लागला. थोडं पटतं मला. पण बाजूने बघितलं की पुन्हा नाही पटत.

हवेचा विरोध वाढला म्हणतात, प्रियसचा? हे काय भलतंच?

वाढलाय. चौथ्या पिढीचा ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे आकाराला हवा किती अडते त्याचा आकडा, ०.२४ होता, हिचा ०.२७ आहे. दुसरी ०.२६, तिसरी ०.२५, चौथी ०.२४, प्रत्येक वेळी कमी होत आलेला आकडा पहिल्यांदाच उलटा फिरला, आणि जुन्या प्रियसवाल्यांना हा आकडा म्हणजे क्रिकेटवाल्यांना सरासरी असते तसा पाठ असतो, त्यामुळे केवढा गहजब झाला असेल कल्पना करा. कारण छपराचा सर्वात उंच भाग. आधीच्या गाडीत तो पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर होता आणि तिथून पाठ हळूहळू उतरत जायची, ती हवेला आवडते. नव्या गाडीत दिसायला छान म्हणून तो उंचवटा मागे सरकवलाय.

पण एक गोष्ट बरेच जण विसरतात. नुसता कोएफिशंट बघून चालत नाही, त्याला गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं, तेव्हा खरा विरोध कळतो. गाडी बुटकी झाली की ते क्षेत्रफळ कमी होतं, म्हणजे थोडा तोटा तिथे भरून निघतो. सगळा नाही, थोडा.

मग मायलेज पडलं असणार?

नाही ना, तीच तर गंमत आहे. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत सगळ्यात साध्या व्हेरिएंटला, पुढची चाकं चालणाऱ्याला, गॅलनला ५७ मैल मिळतात, म्हणजे लिटरला साधारण २४ किमी. आधीच्या पिढीत जे खास काटकसरीचं इको व्हेरिएंट होतं त्याला ५६ होते. म्हणजे इंजिन १.८ वरून २ लिटरचं झालं, ताकद १२१ हॉर्सपॉवरवरून १९४ वर गेली, हवेचा विरोध वाढला, आणि तरी पेट्रोल एक थेंब जास्त नाही.

कसं जमलं? एक म्हणजे इंजिन. हे दोन लिटरचं हायब्रीडसाठीचं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेतली ४१ टक्क्यांपर्यंत कामाला लावतं, साध्या पेट्रोल गाडीत एवढं मिळत नाही, बाकीचं उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे जातं. हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करायचे म्हणजे दाबणं कमी आणि ढकलणं जास्त, हा ॲटकिन्सन प्रकार प्रियसमध्ये पहिल्यापासून आहे, इथे तो आणखी घासूनपुसून घेतलाय. दुसरं म्हणजे बॅटरी आता लिथियम-आयन आहे आणि मोटर बरीच ताकदवान आहे, त्यामुळे ब्रेक मारताना जास्त ऊर्जा परत पकडता येते आणि हळू चालताना इंजिन जास्त वेळ झोपून राहतं.

१७ इंची चाकं घ्यावी की १९ इंची?

यावर आमच्यात मैत्र्या तुटायची वेळ आलीय. १९ इंची वरची व्हेरिएंटं त्याच चाचणीत ५७ वरून ५२ वर येतात, लिटरला २४ वरून २२. सगळा दोष चाकांचा नाही, वरच्या गाडीत सामानही जास्त असतं, वजन वाढतं, पण चाकांचा वाटा आहेच.

टायरचा साइज पण विचित्र आहे, १९५/५०आर१९. एवढा उंच आणि एवढा अरुंद टायर बाकी गाड्यांत सहसा दिसत नाही. हेतू चांगला आहे, अरुंद टायरला हवा कमी अडते आणि रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे रस्त्यावर घरंगळतानाचा विरोध, तोही कमी, दिसायला चाक मोठं. पण बदलायची वेळ आली की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग यादीकडे बघतो, मग परत तुमच्याकडे. १७ इंचीवाल्यांचा १९५/६०आर१७ पण फार सर्रास नाही, तरी टायरची भिंत जाड असल्यामुळे खड्ड्यात रिम वाचतो आणि गाडी मऊ चालते.

माझं मत स्पष्ट आहे, १७ इंची. दिसायला थोडी कमी पण तीच खरी प्रियस. मित्राने १९ इंची घेतलीय आणि तो हे वाचणार आहे, त्यामुळे इथेच थांबतो.

इंजिन १५०, मोटर १११, बेरीज २६१. मग गाडी १९४ चीच का? फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, बॅटरी छोटी आहे. मोटर १११ हॉर्सपॉवर देऊ शकते हो, पण तेवढी वीज तिला कोणीतरी पुरवायला पाहिजे ना. साध्या हायब्रीडची बॅटरी जेमतेम एक किलोवॅट-तासाच्या आसपासची, तिच्यातून एका क्षणी जेवढं बाहेर काढता येतं तेवढंच इंजिनच्या वर मिळतं. मोटर चालवायला उरलेली वीज इंजिनच दुसऱ्या मोटरवाटे तयार करत असतं, म्हणजे ती ताकद आधीच मोजून झालीय, दोनदा कशी मोजणार. नळ मोठा बसवला म्हणून टाकी मोठी होत नाही, तसं काहीसं.

म्हणूनच प्लग-इनला, म्हणजे बाहेरून प्लग लावून चार्ज होणाऱ्या प्रियसला, मोठी बॅटरी मिळाली की तेच इंजिन असून आकडा २२० वर जातो.

गिअरबॉक्स तोच का, तो रबर ओढल्यासारखा?

गिअरबॉक्स म्हणतात म्हणून म्हणायचं, आत ना पट्टा आहे ना बदलणारे गिअर. लोकं सीव्हीटी (पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) म्हणून नाक मुरडतात, पण पट्ट्याच्या सीव्हीटीशी याचा नावापुरताच संबंध. आत एक प्लॅनेटरी गिअरसेट आहे, मधलं सूर्यचाक, भोवती फिरणारी ग्रहचाकं आणि बाहेरची रिंग. ग्रहांना धरणाऱ्या भागाला इंजिन जोडलेलं, सूर्याला छोटी मोटर, आणि रिंगेची बाजू चाकांकडे, तिकडेच मोठी मोटरही जोर लावते. छोटी मोटर किती फिरते त्यावर इंजिन किती फिरणार ते ठरतं, झालं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, रिव्हर्स गिअरसुद्धा नाही, मोठी मोटर उलटी फिरली की गाडी मागे. मला विचाराल तर गाडीच्या इतिहासातल्या सर्वात देखण्या यंत्रांपैकी हे एक आहे आणि बिचारं प्लास्टिकच्या कव्हराखाली लपून बसतं.

आता ती रबर बँडची तक्रार. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एकदम वर जाऊन तिथेच कोकलत राहायचं आणि गाडी मागून सावकाश यायची, हे जुन्या गाडीत होतं, नाकारत नाही. चौथ्या पिढीत मोटर ७१ हॉर्सपॉवरची होती, आता १११. त्यामुळे बरंचसं ढकलायचं काम मोटर मुकाट्याने करते आणि इंजिनला ओरडावं लागत नाही. पूर्ण दाबलात तर अजूनही ओरडतं, आणि आवाज काही गोड नाही.

चालवायला मजा येते का? खरं सांगा.

येते. सिग्नलवरून सुटताना ही प्रियस आहे हे पटत नाही. शून्य ते ६० मैल, म्हणजे ९७ किमीचा वेग, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ७.२ सेकंद, आधी ९.८ लागायचे. प्लग-इन तर ६.६. अडीच सेकंद म्हणजे कागदावर काही नाही पण हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना अडीच सेकंद म्हणजे काय ते ज्याने जुनी चालवलीय त्यालाच कळेल, तेव्हा आधी आरशात, मग घड्याळात, मग देवाकडे बघून गाडी काढायची.

वळणावर गाडी खाली बसून जाते, स्टिअरिंग हलकं पण अचूक, ब्रेकमध्ये आधीचा तो स्पंजासारखा मधला टप्पा जवळपास गेलाय. पण स्पोर्ट्स कार नाही ही. दिसते म्हणून तशी चालवायला गेलात तर टायर लवकर कुरकुरतात, अरुंद आहेत ना. सत्तर-ऐंशी टक्के जोर लावून चालवा, तिथे ही गाडी फार सुंदर आहे. शंभर टक्क्याला गेलात की तिचा आणि तुमचा दोघांचाही मूड जातो.

मागच्या सीटवर उंच माणूस बसतो का?

बसतो, पण हसतमुख राहत नाही. पायाला जागा बरी आहे, व्हीलबेस वाढलाय. प्रश्न डोक्याचा आहे. छप्पर खाली आलं, दार छोटं झालं, आत शिरतानाच मान वाकवावी लागते आणि सहा फुटी माणसाचे केस छताला लागतात. शिवाय सीट खाली असल्यामुळे गुडघेदुखीवाल्या माणसांना उतरताना दाराला धरून उठावं लागतं. घरात वयस्कर मंडळी असतील तर शोरूममध्ये त्यांना घेऊनच जा, तुम्ही एकटे जाऊन बुक करून येऊ नका.

डिक्की?

छोटी झाली. अमेरिकन मापाने आधी २७.४ घनफूट, आता साध्या व्हेरिएंटला २३.८ आणि वरच्याला २०.३. मागची काच एवढी आडवी आहे की उंच वस्तू ठेवलीत तर झाकण लागत नाही. स्टेपनीच्या जागी पंक्चरचं किट.

स्पीडोमीटर दिसत नाही अशी तक्रार का येते?

७ इंची डिस्प्ले स्टिअरिंगच्या मागे लांब, काचेच्या जवळ बसवलाय. कल्पना अशी की तुम्ही स्टिअरिंगच्या वरून बघायचं, म्हणजे नजर रस्त्यावरून फार खाली जात नाही. ज्यांना स्टिअरिंग खाली मांडीजवळ घेऊन बसायची सवय आहे त्यांना छान जमतं. ज्यांना स्टिअरिंग वर हवं असतं त्यांना अर्धा आकडा रिंगच्या मागे लपलेला दिसतो. सीट वर, स्टिअरिंग खाली आणि जरा जवळ, हे करून बघा, आठवड्यात सवय होते. लांब पायाच्या लोकांची मात्र खरंच अडचण होते, त्यांना हा सल्ला देऊन फायदा नाही.

आणि ते समोरच्या काचेचे आडवे जाड खांब. चौकात वळताना चालत जाणारा माणूस त्या खांबामागे पूर्ण गायब होऊ शकतो, पुढे वाकून बघायची सवय लावाच, हे मी गमतीत सांगत नाहीये.

मागच्या दारांचं काय प्रकरण झालं होतं?

मागच्या दारांचे हँडल काचेच्या मागच्या कोपऱ्यात लपवलेत आणि आत तार किंवा दांडी नसून इलेक्ट्रिक स्विच आहे. २०२४ मध्ये टोयोटाने रिकॉल काढला, म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, कारण त्या स्विचमध्ये पाणी जाऊन शॉर्ट होऊ शकत होता आणि दार लॉक नसेल तर चालत्या गाडीत उघडण्याची शक्यता होती. उपाय म्हणजे स्विच बदलून देणं. सेकंडहँड घेत असाल तर चॅसी नंबर टाकून हे काम झालंय का ते आधी बघा, नंतर टेस्ट ड्राइव्ह. यावर आमच्यातले जुने लोक "साधं हँडल काय वाईट होतं?" एवढं एकच वाक्य बोलतात आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

चारही चाकांवर चालणारी घ्यावी का?

बर्फ, चिखल, ओला चढ रोजचा असेल तर हो. पुढून मागे जाणारा शाफ्ट नाही, मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर आहे. आधीच्या पिढीत ती मोटर ७ हॉर्सपॉवरची होती, म्हणजे गाडी अडकली की फक्त धीर द्यायला. आता ४० ची आहे, खरंच ढकलते, आणि ओल्या वळणावर पण फरक जाणवतो. मायलेज गॅलनला तीनेक मैलांनी कमी होतं, बस.

प्लग-इन की साधी?

घरी किंवा ऑफिसला चार्जिंगची जागा आहे का, एवढंच विचारा स्वतःला. असेल तर प्लग-इन, नसेल तर साधी. १३.६ किलोवॅट-तासाची बॅटरी आहे आणि १७ इंची चाकांवर अमेरिकन चाचणीत ४४ मैल, म्हणजे जवळपास ७१ किमी, पेट्रोलशिवाय जाते. १९ इंचीवर ३९ मैल, परत तीच चाकं बघा. आधीच्या प्लग-इनला २५ मैल मिळायचे आणि तिची बॅटरी डिक्कीत ओटा बांधल्यासारखी वर यायची, आता ती मागच्या सीटखाली गेलीय. रोजचं जाणं-येणं पन्नास किलोमीटरच्या आत असेल तर आठवडाभर इंजिनचा आवाज ऐकू येणार नाही.

चार्ज न करता प्लग-इन वापरणारे पण आहेत, जास्त पिकअप मिळतो म्हणून. पैसे तुमचे, पण मग ते जड बॅटरीचं गाठोडं उगाच रोज फिरवताय. युरोपात तर टोयोटाने फक्त प्लग-इनच विकायला ठेवली, तिथे हा प्रश्नच मिटला.

नवीन गाडी, नवीन इंजिन, लवकर घेतली तर डोकेदुखी?

गाडी नवीन, इंजिन नाही. हे दोन लिटरचं कुटुंब २०१८ पासून टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या यूएक्समध्ये आणि कोरोलात चालतंय. हायब्रीडची मूळ कल्पना तर १९९७ पासूनची. मोठ्या बॅटरीची लोकांना धास्ती असते, पण तिच्यापेक्षा दुर्लक्ष होतं ते दोन गोष्टींकडे. एक, बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी, जी धूळ, केस, कुत्र्याची लव यांनी बुजते, ती वेळच्या वेळी साफ करा, मागच्या सीटखाली पिशव्या कोंबून तिचं तोंड बंद करू नका. दुसरी, बारा व्होल्टची साधी बॅटरी. गाडी महिनाभर उभी राहिली आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असून पण गाडी "रेडी" होत नाही, आणि लोकं हायब्रीडला शिव्या देतात. ब्रेक पॅड मात्र खूप टिकतात, बरंचसं थांबवायचं काम मोटर करते.

जुने प्रियसवाले एवढे चिडलेत का?

कारण त्यांची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट होतं आणि त्यांना ते कपाटच हवं होतं. सायकल आडवी जायची, फ्रीज जायचा, घर बदलताना टेम्पो वाचायचा. मागच्या दोन तुकड्यांच्या काचेतून खालचं पण दिसायचं, ती काच आता गेली. डॅशबोर्डवरचा तो छोटा गिअरचा खुंटा, ज्याला सगळे हसायचे, तो पण गेला आणि आता नेहमीच्या गाडीसारखा मध्ये कन्सोलवर आलाय. दिसायला सगळं चारचौघांसारखं झालं की वेगळेपणाची सवय असलेल्या माणसाला चुकल्यासारखं वाटतंच.

मी त्यांच्या बाजूने अर्धा आहे. माझ्या तिसऱ्या पिढीच्या गाडीत एकदा आम्ही लाकडी पलंगाच्या चारही बाजू, गादी आणि एक रडणारा भाचा एकाच फेरीत नेला होता. नवीत भाचा तेवढा गेला असता.

मॉडिफाय करतं का कोणी हिला?

खूप. स्प्रिंग बदलून खाली बसवतात, रिम रुंद करतात, मागे विंग. गंमत म्हणजे कंपनीनेच २०२३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या शंभराव्या वर्षानिमित्त एक रेसिंग अवतारातली प्रियस दाखवली, रुंद मडगार्ड, मोठा विंग, सगळं साग्रसंगीत. विकायला नव्हती, पण ती बघून गॅरेजवाल्यांचे हात शिवशिवायला लागले ते लागलेच. फक्त एक, रुंद आणि चिकट टायर घातलेत की मायलेजचं गणित विसरा.

सिव्हिक हायब्रीड जास्त चांगली आहे म्हणतात?

गाडीवेड्या माणसाला विचारलंत तर बरेच जण होंडाचं नाव घेतील, हो. २०० हॉर्सपॉवर, स्टिअरिंगमध्ये जास्त जीव, मागे जास्त जागा, आणि गिअर बदलल्यासारखा खोटा झटका देऊन इंजिनचा आवाज कानाला बरा करतात. मायलेज गॅलनला ४९ मैल, म्हणजे प्रियसच्या साध्या व्हेरिएंटपेक्षा आठने कमी. चार माणसांचं कुटुंब असेल तर मी पण सिव्हिक म्हणेन. एकटा-दुकटा माणूस, रोज लांब जाणारा आणि पार्क करून गेल्यावर मागे वळून गाडीकडे बघणारा, त्याला प्रियस.

मग सरळ इलेक्ट्रिकच का घेऊ नये?

घ्या ना. चार्जिंगची सोय असेल आणि लांबचे प्रवास कमी असतील तर कोणी अडवलंय. ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते त्याच्यासाठी ही गाडी आहे, आणि असे लोक अजून भरपूर आहेत.

माझ्याकडे चौथी पिढी आहे, नीट चालतेय. बदलू का?

नको. मायलेज तेवढंच मिळणार, जागा कमी होणार, पैसे जाणार. तुमची गाडी कुरूप आहे हे तुम्हाला घेतानाच माहीत होतं. अर्थात एकदा नवी चालवून बघितलीत तर माझा सल्ला ऐकणार नाही हे पण मला माहितीय, त्यामुळे चालवू नका.